विश्लेषण : नदीतल्या बेटावरचे घर आणि विवेकानंदांचे सात आठवडे... थाउजंड आयलंड पार्कमध्ये १८९५ साली काय घडले?

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर सेंट लॉरेन्स नदीच्या पात्रात शेकडो बेटे आहेत. त्यातल्या एका बेटावर, टेकडीच्या उतारावर एक जुने लाकडी घर उभे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत राहण्यासाठी बांधलेले ते साधे कॉटेज. १८९५ च्या उन्हाळ्यात ३२ वर्षांचे स्वामी विवेकानंद या घरात सात आठवडे राहिले. शिकागोच्या परिषदेने त्यांना प्रसिद्धी दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्या कामाला माणसे कुठे मिळाली, याचा शोध घेतला तर या बेटाकडे यावे लागते. हे घर कोणाचे होते, तिथे कोण राहिले, काय साधले, काय साधले नाही आणि आज त्या घराचे काय झाले, याचा हा आढावा.

हे बेट नेमके कुठे आहे?

ओंटारिओ सरोवरातून बाहेर पडून सेंट लॉरेन्स नदी अटलांटिक महासागराकडे वाहते. सरोवरातून निघाल्यावर लगेचच तिच्या पात्रात बेटांची दाटी सुरू होते. या पट्ट्याला थाउजंड आयलंड्स म्हणजे हजार बेटे म्हणतात. प्रत्यक्षात ही संख्या १,८६४ सांगितली जाते. वर्षभर पाण्याच्या वर राहणारा आणि झाड उभे असलेला खडकही इथे बेट म्हणून मोजला जातो. काही बेटे अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात आहेत, तर काही कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात.

यातल्या मोठ्या बेटांपैकी एक म्हणजे वेल्सली बेट. त्याच्या नैर्ऋत्य टोकाला थाउजंड आयलंड पार्क नावाची वसाहत आहे. १८७५ मध्ये मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक जॉन फर्डिनंड डायन यांनी ती सुरू केली. उन्हाळ्यात शहरातील कुटुंबांनी बेटावर यावे, मोकळ्या हवेत राहावे, प्रवचने आणि प्रार्थना ऐकाव्यात, असा त्यामागचा हेतू होता.

सुरुवातीला लोक तंबूत राहत. तंबूंसाठी आखलेल्या लहान लहान जागांवर पुढे लाकडी घरे उभी राहिली. नक्षीदार कठडे, रुंद व्हरांडे आणि उतरती छपरे असलेली ही घरे एकमेकांना खेटून आहेत. १८९० च्या दशकात तिथे मोठे हॉटेलही होते. नदीवर पूल नव्हता, त्यामुळे येणेजाणे बोटीनेच. विवेकानंद आले तेव्हा ही वसाहत सुट्टीचे ठिकाण म्हणून चांगलीच नावाजलेली होती.

विवेकानंदांना स्वतःचे घर का नव्हते?

संन्याशाला घर नसते, हे त्याचे सरळ उत्तर. पण नरेंद्रनाथ दत्त यांच्या आयुष्यात घराचा प्रश्न संन्यासाच्या आधीपासून होता.

१२ जानेवारी १८६३ रोजी कोलकात्याच्या सिमला भागात त्यांचा जन्म झाला. वडील विश्वनाथ दत्त कोलकाता उच्च न्यायालयात ॲटर्नी होते. घरात सुबत्ता होती. फेब्रुवारी १८८४ मध्ये वडील अचानक गेले आणि मागे कर्ज उरले. नातेवाइकांशी वडिलोपार्जित घराच्या हिश्शावरून खटला सुरू झाला. पदवीपर्यंत शिकलेला थोरला मुलगा नोकरीसाठी वणवण फिरू लागला. आई भुवनेश्वरी देवींना माहेरच्या आधाराने दिवस काढावे लागले. हा घराचा वाद इतका चिवट ठरला, की विवेकानंद आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांतही तो मिटवण्याच्या खटपटीत होते.

दुसरीकडे गुरू रामकृष्ण परमहंस यांना घशाचा कर्करोग झाला. त्यांचे अखेरचे महिने काशीपूरच्या भाड्याने घेतलेल्या बागबंगल्यात गेले. १६ ऑगस्ट १८८६ रोजी त्यांचे निधन झाल्यावर तो बंगला सोडावा लागला. तरुण शिष्यांनी बारानगर येथे एक पडके घर भाड्याने घेतले. स्वस्तात मिळाले, कारण तिथे भुते आहेत असे लोक म्हणत. रामकृष्ण संघाचा पहिला मठ तो हाच. गुरूचे निधन, भाड्याचे घर आणि पुढे काय करायचे याची अनिश्चितता, अशा परिस्थितीत या तरुणांनी संन्यास घेतला.

महाराष्ट्र आणि गोव्यात ते कोणाकडे राहिले होते?

मठातून बाहेर पडून त्यांनी देशभर भ्रमंती केली. १८९२ मध्ये ते मुंबईत बॅरिस्टर रामदास छबिलदास यांच्याकडे राहिले. मुंबईहून पुण्याकडे येताना रेल्वेच्या डब्यात त्यांची लोकमान्य टिळकांशी गाठ पडली. टिळकांनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतले आणि आठ-दहा दिवस ते तिथे राहिले. त्या वेळी हा संन्यासी कोण, हे टिळकांनाही नेमके माहीत नव्हते. पुढे शिकागोच्या बातम्या आल्यावर त्यांना तो पाहुणा आठवला.

त्यानंतर कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा असा प्रवास झाला. बेळगावात वकील भाटे आणि वन खात्यातील अधिकारी हरिपद मित्र यांनी त्यांचा पाहुणचार केला. गोव्यात मडगावला मुक्काम असताना राशोल सेमिनरीतील ग्रंथसंग्रहात त्यांनी ख्रिस्ती धर्मशास्त्राचा अभ्यास केला. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो. कारण तीन वर्षांनी अमेरिकेतल्या बेटावर त्यांनी शिकवायला सुरुवात केली, ती बायबलपासून.

१८९२ च्या डिसेंबरमध्ये ते कन्याकुमारीला पोहोचले आणि समुद्रातील खडकावर ध्यानाला बसले. त्यांच्या चरित्रातले हे पहिले बेट. दुसरे सेंट लॉरेन्स नदीतले.

प्रसिद्धी मिळूनही ते अडचणीत का होते?

३१ मे १८९३ रोजी मुंबईहून बोटीने निघालेले विवेकानंद जुलैअखेर शिकागोला पोहोचले. ११ सप्टेंबरला सर्वधर्म परिषदेतील भाषणाने त्यांचे नाव वर्तमानपत्रांत झळकले. त्यानंतर एका व्याख्यान कंपनीशी त्यांनी करार केला. गावोगावी व्याख्याने आणि त्याचे मानधन, असे त्याचे स्वरूप होते. भारतातील कामासाठी पैसा उभा राहील, अशी त्यांची अपेक्षा होती.

प्रत्यक्षात दगदग वाढली आणि कमाईचा मोठा हिस्सा कंपनीकडे जाऊ लागला. १८९४ च्या सुरुवातीला डेट्रॉइटमध्ये असताना मित्रांच्या मदतीने त्यांनी या करारातून सुटका करून घेतली. त्यात त्यांना आर्थिक नुकसानही सोसावे लागले. आईच्या खर्चाची काळजी होतीच. खेतडीचे राजे अजितसिंह त्यांच्या कुटुंबाला दरमहा मदत पाठवत होते, त्यामुळे तो भार थोडा हलका झाला होता.

मिशनऱ्यांचा एक गट आणि काही स्वदेशी विरोधक त्यांच्याविरुद्ध बोलत होते. श्रोत्यांची गर्दी होत होती, पण भाषण संपले की गर्दी पांगत होती. आपण परत गेल्यावर इथे काय उरणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

१८९५ च्या सुरुवातीला त्यांनी न्यूयॉर्कमध्ये वेस्ट ३३व्या रस्त्यावर ५४ क्रमांकाच्या इमारतीत भाड्याने खोल्या घेतल्या. वस्ती फारशी प्रतिष्ठित नव्हती. अशा ठिकाणी चांगल्या घरातले लोक येणार नाहीत, असे काही श्रीमंत हितचिंतकांचे म्हणणे होते. लोक मात्र आले. खुर्च्या पुरेनात म्हणून जमिनीवर, जिन्यावर, जागा मिळेल तिथे बसले. शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, असा त्यांचा नियम होता. खोल्यांचे भाडे भागवण्यासाठी स्वेच्छेने दिलेल्या देणग्या आणि इतर विषयांवरची सार्वजनिक व्याख्याने, एवढाच आधार होता.

जूनपर्यंत ते पार थकले. उन्हाळा सुरू झाला, की न्यूयॉर्कमधील सुखवस्तू मंडळी शहर सोडून जात. वर्ग थांबवून विश्रांती घ्यावी, तर काही विद्यार्थ्यांना खंड पडू द्यायचा नव्हता.

बेटावरचे घर कोणी दिले?

हा प्रश्न वर्गातल्याच एका विद्यार्थिनीने सोडवला. एलिझाबेथ डचर या चित्रकलेत रमणाऱ्या मेथॉडिस्ट पंथीय महिला होत्या. थाउजंड आयलंड पार्कमध्ये त्यांचे छोटे कॉटेज होते. ते त्यांनी विवेकानंद आणि विद्यार्थ्यांसाठी देऊ केले.

विवेकानंदांनी होकार दिला, पण त्यामागे एक हिशेब होता. न्यूयॉर्कपासून हे ठिकाण ३०० मैलांहून अधिक दूर. इतर कामे बाजूला ठेवून जे इतका प्रवास करून येतील, त्यांनाच खरी ओढ आहे असे समजायचे. व्याख्यानाला येणारी गर्दी आणि शिकायला येणारी माणसे यांच्यातला फरक या अंतरानेच आपोआप ठरणार होता.

डचर यांनी पाहुण्यांसाठी घराला नवा भाग जोडून घेतला. तो जवळपास मूळ घराएवढाच होता. घर खडकाळ उतारावर असल्याने या भागाला तीन मजले मिळाले. खालची खोली एका विद्यार्थ्यासाठी, मधली वर्गासाठी आणि सर्वांत वरची विवेकानंदांसाठी. त्यांच्या खोलीला बाहेरून स्वतंत्र जिना होता, म्हणजे घरातल्या कोणाला न अडवता येता-जाता यावे. वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यातून झाडांच्या शेंड्यांपलीकडे नदी, बेटे आणि रात्री दूरवर क्लेटन गावचे दिवे दिसत.

त्याआधी दोन आठवडे विवेकानंद न्यू हॅम्पशायरमधील पर्सी येथे फ्रान्सिस लेगेट यांच्या तळ्याकाठच्या घरी होते. तिथून १८ जून १८९५ रोजी ते बेटावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी, १९ जूनला, वर्ग सुरू झाला. हजेरी होती तीन-चार जणांची.

तिथला दिवस कसा जायचा?

सकाळी वर्ग भरे. पहिल्या दिवशी विवेकानंद बायबल हाती घेऊन आले आणि त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानापासून सुरुवात केली. समोरची मंडळी ख्रिस्ती आहेत, तर त्यांच्याच ग्रंथापासून आरंभ करावा, हा विचार त्यामागे होता. नंतर नारदाची भक्तिसूत्रे, भगवद्‌गीता, उपनिषदे, ब्रह्मसूत्रे, अवधूत गीता असा अभ्यास पुढे सरकला. जोडीला येशू, बुद्ध, शंकराचार्य आणि रामकृष्ण यांच्या गोष्टी.

दुपारी नदीकाठाने किंवा रानातून फेरफटका. रात्री जेवणानंतर सगळे वरच्या व्हरांड्यात जमत. अंधारात बसून विवेकानंद तासन्‌तास बोलत. कधी गप्प बसत, तर तीही शिकवणीच असे. बाहेर वसाहतीत सुट्टीची गजबज होती, पण हे घर एका कडेला, रानालगत असल्यामुळे तिथे शांतता असे.

घरकामाचा अनुभव मात्र फारसा शांततेचा नव्हता. नोकर ठेवायचे नाहीत, सर्वांनी मिळून कामे वाटून घ्यायची, असे ठरले होते. यातल्या बहुतेकांना घरकामाची सवय नव्हती. त्यामुळे कोण काय करणार आणि कोणाचे काम राहिले, यावरून कुरबुरी होऊ लागल्या. सुट्टीच्या घरात मित्रमंडळींसोबत चार दिवस राहिलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. अशा वेळी विवेकानंद स्वतः स्वयंपाकघरात शिरत आणि आज मी रांधतो असे सांगत. पदार्थ रुचकर असत, पण मसाल्याचा तिखटपणा अमेरिकी जिभांना झेपणे कठीण होते.

तिथे कोणकोण आले होते?

सात आठवड्यांत मिळून १२ विद्यार्थी येऊन गेले. एका वेळी दहापेक्षा जास्त कधीच नव्हते. वेगवेगळ्या वयाची आणि व्यवसायांची ही माणसे होती.

सारा एलन वॉल्डो ब्रुकलिनच्या. विचारवंत राल्फ वॉल्डो इमर्सन यांच्या दूरच्या नात्यातल्या. लिऑन लँड्सबर्ग हे रशियातून आलेले ज्यू पत्रकार, न्यूयॉर्कच्या भाड्याच्या खोल्यांत विवेकानंदांसोबत राहिलेले. मारी लुईस या मूळच्या फ्रान्सच्या. रुथ एलिस वर्तमानपत्रात काम करणाऱ्या, अबोल स्वभावाच्या. डॉ. वाइट हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. प्रत्येक वर्गानंतर सगळ्याचे सार शेवटी आपण ब्रह्म आहोत हेच ना, असे ते विचारत आणि विवेकानंद हसून त्यांना दुजोरा देत. वॉल्टर गुडइयर आणि त्यांच्या पत्नीही काही काळ होत्या.

सर्वांत नाट्यमय आगमन दोघींचे होते. ख्रिस्तीन ग्रीनस्टायडेल आणि मेरी फंकी या डेट्रॉइटच्या मैत्रिणींनी १८९४ मध्ये विवेकानंदांची व्याख्याने ऐकली होती. त्या वेळी पुढे होऊन ओळख करून घेण्याचे धाडस झाले नव्हते. ते या बेटावर आहेत असे कळताच दोघी निघाल्या. बोलावणे नव्हते, परवानगी नव्हती आणि घराचा नीट पत्ताही नव्हता. ६ जुलैच्या रात्री भर पावसात त्या बेटावर उतरल्या. कंदील घेतलेल्या एका माणसाने वाट दाखवली आणि चिखलातून चढ चढत त्या दारात पोहोचल्या. परत पाठवले तर काय, ही धास्ती होतीच. विवेकानंदांनी त्यांना ठेवून घेतले.

ख्रिस्तीन या जर्मनीत जन्मलेल्या, लहानपणीच अमेरिकेत आलेल्या. वडील गेल्यावर आई आणि धाकट्या बहिणींचा संसार त्या शाळेत शिकवून चालवत होत्या. वडिलांच्या अकाली मृत्यूनंतर घराचा भार अंगावर पडणे म्हणजे काय, हे विवेकानंदांना वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

घराच्या मालकिणीला त्रास का झाला?

एलिझाबेथ डचर यांची कथा या मुक्कामातील सर्वांत गुंतागुंतीची आहे. घर त्यांचे, पाहुणचार त्यांचा आणि सर्वांत मोठा मानसिक धक्काही त्यांनाच.

त्या श्रद्धाळू मेथॉडिस्ट होत्या. वसाहतही त्याच पंथाची. मनुष्य मूळचा पापी आहे, या शिकवणीत त्या वाढल्या होत्या. वरच्या मजल्यावरचा पाहुणा मात्र प्रत्येक माणूस मुळातच दिव्य आहे, असे रोज सांगत होता. बालपणापासूनच्या समजुती हलू लागल्या, की त्या दोन-तीन दिवस दिसेनाशा होत. इतरांना वाटे, त्यांची प्रकृती बिघडली. विवेकानंदांनी सांगितले, की हा साधा आजार नाही. मनात चाललेल्या उलथापालथीला शरीर सोसू शकत नाही, त्याचा हा परिणाम आहे. पुढे काही दिवसांनी त्या पुन्हा वर्गात येऊन बसत.

त्यांनी घर परत मागितले नाही आणि वर्ग बंदही पाडला नाही. पटत नसलेले विचार आपल्याच छपराखाली सात आठवडे मांडू दिले. या घराच्या इतिहासात हे योगदान बांधकामाइतकेच मोठे मानावे लागते.

या सात आठवड्यांतून काय हाती लागले?

पहिली गोष्ट म्हणजे दीक्षा. जुलैमध्ये लँड्सबर्ग आणि मारी लुईस यांना संन्यास देण्यात आला. ते अनुक्रमे कृपानंद आणि अभयानंदा झाले. आणखी पाच जणांनी ब्रह्मचर्याची दीक्षा घेतली, त्यात ख्रिस्तीनही होत्या. विवेकानंदांनी पाश्चात्त्य शिष्यांना दिलेला हा पहिला संन्यास.

दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तक. वर्ग सुरू असताना वॉल्डो स्वतःसाठी टिपणे काढत होत्या. त्यांना लघुलिपी येत नव्हती. एकदा त्या ही टिपणे वाचून दाखवत असताना विवेकानंदांनी ती ऐकली आणि आपले बोलणे इतके नेमके कसे टिपले, याचे त्यांना आश्चर्य वाटले. ही टिपणे विवेकानंदांच्या निधनानंतर, १९०८ मध्ये मद्रासहून ‘इन्स्पायर्ड टॉक्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. बंगालीत ती ‘देववाणी’ म्हणून ओळखली जातात. न्यूयॉर्कमध्ये पुढे ‘राजयोग’ या ग्रंथाच्या लेखनातही वॉल्डो यांची मदत झाली.

तिसरी म्हणजे ‘साँग ऑफ द संन्यासिन’ ही इंग्रजी कविता. ती याच मुक्कामात लिहिली गेली आणि मद्रासहून निघणाऱ्या ‘ब्रह्मवादिन’ या नियतकालिकासाठी पाठवली गेली.

चौथी गोष्ट मोजता येत नाही. गर्दीपुढे भाषणे देण्यापेक्षा थोड्या माणसांना सोबत ठेवून घडवणे, ही पद्धत विवेकानंदांनी इथे पहिल्यांदा सलगपणे वापरून पाहिली.

सगळेच यशस्वी झाले का?

नाही. संन्यास घेतलेले दोघेही पुढे दुरावले. लँड्सबर्ग यांच्याशी बेटावर येण्याआधीही खटके उडाले होते. अभयानंदा यांनी स्वतंत्रपणे काम केले, त्या भारतातही येऊन गेल्या, पण संबंध टिकले नाहीत. ज्यांना सर्वांत मोठी दीक्षा मिळाली, तेच टिकले नाहीत, हा या प्रयोगातील कटू भाग आहे.

याउलट पावसात न बोलावता आलेल्या ख्रिस्तीन शेवटपर्यंत राहिल्या. कौटुंबिक जबाबदारीतून मोकळ्या झाल्यावर १९०२ मध्ये त्या कोलकात्यात आल्या. त्यानंतर काही महिन्यांतच विवेकानंद गेले. तरीही त्या परतल्या नाहीत. बागबाजारमधील भगिनी निवेदितांच्या मुलींच्या शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले, मोठ्या स्त्रियांसाठी वर्ग चालवले. भगिनी ख्रिस्तीन म्हणून त्या ओळखल्या गेल्या. १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. बेटावरच्या दिवसांबद्दल आज जे तपशील उपलब्ध आहेत, त्यातले बरेचसे वॉल्डो, फंकी आणि ख्रिस्तीन या तिघींच्या आठवणींतून आले आहेत.

शेवटच्या दिवशी काय झाले?

६ ऑगस्टला शेवटचा वर्ग झाला. ७ ऑगस्ट हा निघण्याचा दिवस. विवेकानंद ख्रिस्तीन आणि फंकी यांना घेऊन टेकडीवरून दूरवर फिरायला गेले. एका कमी उंचीच्या झाडाखाली बसून तिघे ध्यान करू लागले. फंकी यांच्या आठवणीनुसार थोड्याच वेळात पाऊस सुरू झाला, पण विवेकानंदांना त्याचे भानच नव्हते. फंकी यांनी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. शोधायला निघालेल्या इतरांच्या हाका ऐकू आल्यावर ते भानावर आले. त्याच रात्रीच्या बोटीने ते क्लेटनला आणि तिथून रेल्वेने न्यूयॉर्कला गेले. महिनाअखेरपर्यंत ते युरोपात होते.

पुढच्या सात वर्षांत पुष्कळ घडले. जानेवारी १८९७ मध्ये कोलंबोला उतरून ते मायदेशी परतले. १ मे १८९७ रोजी बागबाजारमध्ये बलराम बोस यांच्या घरी भरलेल्या बैठकीत रामकृष्ण मिशनची स्थापना झाली. म्हणजे संस्थेचा जन्मही दुसऱ्याच्या घरात झाला. पाश्चात्त्य शिष्यांच्या देणग्यांतून गंगेच्या काठी बेलूर येथे जमीन घेता आली आणि १८९८ च्या अखेरीस तिथे मठाची प्रतिष्ठापना झाली. बारानगरच्या पडक्या भाड्याच्या घरापासून सुरू झालेला प्रवास बारा वर्षांनी स्वतःच्या जागेवर येऊन थांबला. ४ जुलै १९०२ रोजी विवेकानंदांचे तिथेच निधन झाले. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते.

ते घर आज कोणत्या स्थितीत आहे?

१९१२ मध्ये थाउजंड आयलंड पार्कमध्ये भीषण आग लागली. मोठे हॉटेल आणि शंभरच्या आसपास घरे जळाली. कडेला असलेले डचर यांचे कॉटेज वाचले. पुढे मात्र त्याची दुरवस्था झाली. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या रामकृष्ण-विवेकानंद सेंटरने ते विकत घेतले. स्वामी निखिलानंद यांच्या पुढाकाराने त्याची दुरुस्ती झाली आणि विवेकानंदांची खोली ध्यानाची खोली म्हणून जपण्यात आली. आज ते विवेकानंद कॉटेज म्हणून ओळखले जाते. उन्हाळ्यात तिथे संन्यासी आणि साधक येतात.

पूर्ण वसाहत १९८२ पासून अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आहे. इथली एक व्यवस्था वेगळी आहे. जमीन वसाहतीच्या कंपनीची असते. घरमालक ती भाडेपट्ट्यावर घेतात आणि त्यावरचे घर तेवढे त्यांचे असते. बरीच घरे फक्त उन्हाळ्यात उघडतात आणि त्यातली काही पर्यटकांना आठवड्याच्या हिशेबाने भाड्यानेही मिळतात. जुन्या लाकडी घरात राहण्याची हौस असलेले लोक तिथे जातात. मात्र विवेकानंद कॉटेज हे सुट्टीसाठी भाड्याने मिळणारे घर नाही. ती साधनेची जागा आहे, हे जाणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे.

तिथे पोहोचणे आता सोपे आहे. १९३८ मध्ये थाउजंड आयलंड्स पूल सुरू झाला आणि वेल्सली बेट रस्त्याने मुख्य भूमीला जोडले गेले. पुलावरून पुढे गेले, की कॅनडा लागतो.

हे घर महत्त्वाचे का?

भारतात विवेकानंदांची आठवण प्रामुख्याने दोन ठिकाणांशी जोडलेली आहे : शिकागोचे सभागृह आणि कन्याकुमारीचा खडक. एका ठिकाणी हजारोंचा श्रोतृवर्ग, दुसऱ्या ठिकाणी पूर्ण एकांत. बेटावरचे घर या दोन्हींच्या मधले आहे. तिथे दहा-बारा माणसे होती, त्यांच्यात भांडी घासण्यावरून कुरबुरी होत्या, घरमालकीण मनातून हादरलेली होती आणि ज्यांच्यावर सर्वाधिक भिस्त होती ते पुढे निघून गेले. तरीही तिथली टिपणे पुस्तक झाली आणि तिथली एक शिक्षिका कोलकात्यातल्या मुलींना शिकवायला आली.

बेलूर मठात विवेकानंदांची खोली आजही जतन केलेली आहे. ती वरच्या मजल्यावर आहे आणि तिच्या खिडक्यांतून गंगा दिसते. सेंट लॉरेन्सच्या बेटावरची खोलीही वरच्याच मजल्यावर आहे आणि तिच्यासमोरही नदी आहे.